हौदमहालाचे कारंजे

माझे नाव सुकदेव वल्द पुना माळी. वय अदमासे चोपन्न. धंदा सरकारी चौकीदारी व बागकाम. राहणार मौजे चिरखेडे, तालुका शिंदखेडे, जिल्हा पश्चिम खानदेश. जबाब चिरखेडे आउटपोस्टवर, तारीख २१ एप्रिल १९३१, मंगळवार रोजी सकाळी आठ वाजता दिला.

जमादारसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मयत झुंबरबाई ही माझी एकुलती मुलगी. वय बावीस. दोंडाईच्यास अभिमन माळी यास दिली आहे. आखाजीचा सण म्हणून ती चार दिवसांपूर्वी माहेरी आली होती. काल सोमवारी, ऐन आखाजीला, दुपारी ती हौदमहालाच्या गच्चीवर मेली. तिथे ती कशी गेली आणि कशी मेली ते सांगतो.

गावाच्या उत्तरेस अर्ध्या मैलावर हौदमहाल आहे. कोण्या सुलतानाने उन्हाळ्यात राहायला बांधला म्हणतात. दुमजली इमारत, पुढे मोठा हौद, हौदात दगडी कमळ, चार बाजूंना बागेचे चार चौक आणि मधून पाण्याचे पाट. अठरा वर्षांपूर्वी सरकारने तो जतन करायच्या यादीत घेतला, दारावर पाटी ठोकली आणि मला चौकीदार नेमले. पाटीवर लिहिले आहे की येथील दगडास, झाडास अथवा पाण्यास कोणी उपद्रव केल्यास शिक्षा होईल. मला अक्षरओळख नाही, पण पाटी तोंडपाठ आहे.

त्याआधी गावाच्या लेखी हौदमहाल म्हणजे फुकटच्या विटांची खाण होती. ज्याला गोठा बांधायचा तो गाडी घेऊन येई. मी आलो आणि ते बंद केले. शेजारच्या कमलबाईने चुलीला दोन नक्षीच्या विटा लावल्या होत्या त्या मी काढून आणल्या. चूल तेव्हा पेटलेली होती, भाकर तव्यावर होती. लोक मला सुलतानाचा जावई म्हणतात. म्हणोत. अठरा वर्षांत त्या जागेचा एक दगड हलला नाही आणि झाडाची एक फांदी गेली नाही. बागेतल्या जुन्या खिरणीच्या झाडाखाली माझे हाड मोडले असते तरी मी खिरणी मोडू दिली नसती. जमादारसाहेब म्हणाले, हे कामाचे नाही. पण याशिवाय पुढचे समजणार नाही म्हणून लिहून घ्यावे अशी विनंती केली.

बागेत जुनी बारव आहे. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येते. पूर्वी सारे गाव तिचेच पाणी प्यायचे. पायऱ्यांचे दगड घासतात, बाया कठड्यावर कपडे आपटतात, म्हणून अकरा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला आणि बारवेच्या दाराला कुलूप लागले. किल्ली माझ्या कमरेला असते. गावातली विहीर होळीला आटते. मग बाया नदीच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीने पाणी भरतात. एका घागरीला अर्धा दिवस जातो. माझ्या घरची बाईही तिथेच जात असे. कुंपणानेच शेत खाल्ले असे कोणी म्हणू नये म्हणून मी घरी कधी बारवेचे पाणी नेले नाही. माझी बायको सुंदरबाई गेल्या पावसाळ्यात वारली, तीही नदीचेच पाणी पीत वारली.

महालाच्या गच्चीवर दगडी टाकी आहे. टाकीतून भिंतीच्या पोटातून मातीचे नळ खाली हौदातल्या कमळापर्यंत गेले आहेत. टाकीच्या आत, काठापासून वीतभर खाली, दगडात एक मासा कोरला आहे. नळाचे तोंड म्हणजे त्या माशाचे तोंड. गाळ नळात जाऊ नये म्हणून ते इतके वर ठेवलेले आहे. पाणी माशाच्या ओठाला लागले की कमळ उडते, असे माझ्या आजाने त्याच्या आजाकडून ऐकले होते. पाहिले कोणीच नव्हते. मी अठरा वर्षे दर पावसाळ्याआधी ते नळ काडीने, कापडाने, फुंकून साफ करत आलो. मला ते एकदा उडालेले पाहायचे होते. दुसरी काही हाव मला नव्हती.

गेल्या महिन्यात ओव्हरसियर रावसाहेब आले. म्हणाले, मोठे साहेब वीस तारखेला पाहणीला येणार आहेत. खर्च वाढला म्हणून लहानसहान जागा यादीतून काढायच्या आहेत. साहेबांना पसंत पडली तर जागा राहील, नाहीतर पाटी उतरेल. पाटी उतरली तर गाड्या घेऊन कोण कोण येईल ते मला माहीत होते. मी तिथल्या तिथे सांगितले, रावसाहेब, मी साहेबांना कारंजे उडवून दाखवतो. हे मी आपण होऊन बोललो. मला कोणी विचारले नव्हते.

बारवेवर जुने मोटेचे दगडी थारोळे, म्हणजे मोट ओढून ओतायची जागा, आहे. दोन बैल लावले असते तर बारवेच्या पायऱ्यांची चढण वाचून टाकी एका दिवसात भरली असती. मी तसे सुचवले. ओव्हरसियर रावसाहेब म्हणाले, थारोळ्यावर जुन्या दोरांचे वण आहेत, ते जपायचे आहेत, त्यावर नवा दोर घासता कामा नये. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालची चढण काय ठाऊक? पण जपण्याची गोष्ट होती, म्हणून मलाही पटले. तेव्हा सगळी वाट पाणी डोक्यावरून न्यायचे ठरले. बारवेतून वर एकोणतीस पायऱ्या, बागेतून दीडशे पावले आणि महालाच्या जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या. गावचे पाटील छगन पाटील यांनी दवंडी दिली की दर घरची एक बाई कामाला यावी. शनिवार सकाळपासून काम सुरू झाले.

कुलूप उघडले तेव्हा बाया आनंदल्या होत्या. त्यांना वाटले, आता सणापुरते तरी बारवेचे पाणी मिळेल. मी त्यांना पहिल्याच खेपेला सांगितले की एक थेंब बाहेर जायचा नाही. पाणी मोजके आहे, टाकी भरेल की नाही याचीच शंका आहे. टाकीतून कोणी प्यायचे नाही आणि हात घालायचा नाही. पिण्याचे पाणी ज्याने त्याने घरून आणावे. कमलबाईने पहिल्याच दिवशी दुपारी टाकीत ओंजळ घातली. मी काठी मारली. तिच्या मनगटाला लागली. ती म्हणाली,

"आख्खं गाव तहान्यानं मरस नि तू दगडले पानी पाजस! आखाजीले मेलेल्या मानूसले बी पानी देतस, सुकदेवभाऊ."

काठी पुन्हा उगारली नाही, कारण पुन्हा कोणी हात घातला नाही.

आमच्याकडे आखाजीला घागर भरतात. घरात जो मेला असेल त्याच्या नावाने कोरी घागर भरून पाटावर ठेवायची, वर आंबा, खरबूज, सांजोरी ठेवायची, पूजा करायची आणि मग घरच्यांनी जेवायचे. त्या दिवशी मेलेला माणूस तहान भागवायला घरी येतो असे धरतात. सुंदरबाईला जाऊन वर्ष व्हायचे होते, म्हणून काल तिची पहिली घागर होती. पहिली घागर लेकीने भरावी म्हणून झुंबर आली होती. आदल्या दिवशी ती नदीवर गेली आणि झिऱ्यातून वाटीवाटीने घागर भरून आणली. जाताना सकाळ होती, आली तेव्हा दिवस मावळत होता. वस्त्रगाळ करून, तोंडाला फडके बांधून तिने ती पाटावर ठेवली.

सरकारी नोकराच्या घराला बिगारीची सूट असते. छगन पाटलांनी मला स्वतः सांगितले, भाऊ, तुझ्या घरची बाई नको. मी सूट घेतली नाही. शनिवारी आणि रविवारी माझ्या घरचे कोणी नव्हते, त्यावरून बायांची कुजबुज कानावर आली होती. म्हणून काल पहाटे मी झुंबरला म्हणालो की चल. ती पंधरा दिवसांपूर्वी हिवतापातून उठली होती. म्हणाली,

"आबा, मना आंगमा अजून ताप शे. मायनी पूजा करीसन येस."

मी म्हणालो, पूजा दुपारी होईल, आधी पाणी. ती आली. घागरीची पूजा व्हायची होती म्हणून ती उपाशी होती. सूर्य उगवायच्या आत तिने पहिली खेप वर नेली. मी तिच्यावर इतरांपेक्षा जास्त ओरडलो, कारण ती माझी होती.

दहाच्या सुमारास बारवेत गाळ लागला. वाडगे घातले तर चिखल येई. मी वर जाऊन पाहिले. पाणी माशाच्या ओठाखाली चार बोटे थांबले होते. तीन दिवस बायांनी माना मोडल्या आणि चार बोटे राहिली. साहेबांची मोटार एक वाजता यायची होती. ओव्हरसियर रावसाहेब माझ्यावर उखडले. म्हणाले, तोंड वर करून बोलला होतास, आता उडव कारंजे. मला त्या वेळी कारंज्याशिवाय काही दिसत नव्हते, हे खरे सांगतो. मी म्हणालो, गावात पाणी आहे. आज घरोघरी घागर भरलेली आहे.

छगन पाटील तिथे उभे होते. ते म्हणाले, "सुकदेवभाऊ, आखाजीनी घागर कोनी देवाव नही. मीबी मांगाव नही." मी म्हणालो, पहिली माझ्या घरची येईल, मग कोण नाही म्हणतो ते पाहू.

मी झुंबरला हाक मारली आणि घरची घागर आणायला सांगितले. तिला आधी कळलेच नाही. मी दोनदा सांगितले. ती म्हणाली,

"आबा, ती मन्ही मायनी घागर शे. तिनी पूजा बी नही झायी."

मी म्हणालो, "तुन्ही माय काय पळी जाई? कारंजं उडू दे, मंग दुसरी भर."

ती गेली. घागर डोक्यावर घेऊन सगळ्या गावातून आली. फडके तोंडाला तसेच बांधलेले होते. गावाने पाहिले की चौकीदाराने बायकोची पहिली घागर दिली, तेव्हा कोणाला तोंड उरले नाही. पाटलांची माणसे घरोघर गेली. चाळीस घरांच्या चाळीस घागरी निघाल्या. कमलबाईची तिच्या नवऱ्याच्या नावाची होती. तिने ती स्वतः आणली, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. काल चिरखेड्यात एकाही मेलेल्या माणसाला पाणी मिळाले नाही.

झुंबरने बेचाळीस पायऱ्या चढून घागर टाकीत ओतली. तेव्हा अकरा वाजले असतील. ओतून ती उभी राहिली ती हललीच नाही. तिचे तोंड लाल होते आणि घाम नव्हता. मला म्हणाली,

"आबा, घोटभर पानी दे. डोयासमोर अंधारी ई ऱ्हायनी."

त्या वेळी वर पिण्यास पाणी नव्हते. मी तिला टाकीच्या भिंतीला टेकून सावलीत बसायला सांगितले. सावली हातभर होती. ती बसली. बाकीच्या बाया तिच्या अंगावरून घागरी नेत होत्या आणि ओतत होत्या. साडेबाराला पाणी माशाच्या ओठाला आले. मी ओल्या चिंध्यांचा बोळा करून माशाच्या तोंडात घट्ट बसवला, वर उरलेल्या घागरी ओतल्या. खालून हाक आली की बोळा काढायचा, असे ठरले होते.

मोटारीचा आवाज आला तेव्हा ओव्हरसियर रावसाहेबांनी बायांना मागच्या भिंतीआड जायला सांगितले. साहेबांना महाल पाहायचा आहे, फाटकी लुगडी नाहीत, असे त्यांचे शब्द होते. बाया गेल्या. झुंबर उठली नाही. मी काखेत हात घालून पाहिला, तिला उठवेना. तेव्हा मी तिला म्हणालो की इथेच बस, पण खाली वाकून बस, कठड्यावर डोके दिसू देऊ नको. तिने मान हलवली. रिकामी घागर तिच्या मांडीत होती. टाकीचा काठ तिच्या डोक्याशी होता.

हाक आली. मी बोळा काढला. माशाच्या तोंडात पाणी गुरगुर करत गेले आणि मी जिन्यावरून धावत खाली आलो. मी पोहोचेपर्यंत कमळाने दोनदा खोकल्यासारखे केले, तांबडी माती टाकली आणि मग पाणी वर आले. हातभर उंच, स्वच्छ. उन्हात त्याचे शिंतोडे दिसत होते. मी ते पाहिले. मला रडू आले. नातवंड झाल्यावर जसा आनंद होतो म्हणतात तसा झाला. मला नातवंड नाही.

साहेब त्या वेळी पाठ करून कमानीवरचा चुना नखाने खरवडून पाहत होते. ओव्हरसियर रावसाहेबांनी त्यांना वळायला विनंती केली. साहेबांनी पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि इंग्रजीत बोलले. रावसाहेबांनी मला मराठीत सांगितले की ताबडतोब बंद कर. ओल लागली की जुना चुना सुटतो, दगड ओला करणे म्हणजे त्याचा नाश करणे आहे. मी बंद करायला निघालो, पण गरज पडली नाही. माशाच्या ओठावरचे पाणी संपले होते. चिलीम भरायला लागतो तेवढा वेळ ते उडाले. ते सगळे घागरींचे पाणी होते. बारवेचे तीन दिवसांचे पाणी ओठाखाली टाकीत तसेच राहिले, अजून आहे.

साहेब पुढे दोन तास बाग फिरले. मला त्यांच्यामागे किल्ल्या घेऊन फिरावे लागले. खिरणी पाहून ते खूष झाले. जागा यादीत राहील असे ते म्हणाले. चौकीदार चांगला आहे असेही म्हणाले, ते रावसाहेबांनी मला सांगितले. माशाचे तोंड चुन्याने कायमचे बुजवावे आणि टाकी पुन्हा भरू नये, असाही हुकूम दिला.

मोटार गेल्यावर, तीनच्या सुमारास, मला झुंबरची आठवण आली. मी वर गेलो. सावली सरकून दुसरीकडे गेली होती आणि ती होती तिथेच होती. मी सांगितल्याप्रमाणे वाकून बसली होती. घागर मांडीत होती. उजवा हात टाकीच्या काठावर होता. हाक मारली, ओ दिली नाही. अंग उन्हाने इतके तापले होते की ती गेली आहे हे मला लवकर कळले नाही. मी तिची बोटे पाहिली. कोरडी होती. लुगड्याचा पदर कोरडा होता. घागरीत तळाला हात घालून पाहिला, तीही कोरडी होती. दोन तास तिथे कोणी नव्हते. तिला अडवायला काठी घेऊन कोणी उभे नव्हते. तरी तिने ओंजळ भरली नाही.

जमादारसाहेबांनी विचारले की प्रेताला आंघोळ कोणत्या पाण्याने घातली. त्यावर सांगतो की, गावात पाणी नव्हते. झुंबरला खाली आणून, जिन्याला कुलूप लावून मी बसलो होतो. संध्याकाळी कमलबाई आली आणि तिने हात पुढे केला. म्हणाली, "किल्ली दे." मी दिली. अठरा वर्षांत किल्ली दुसऱ्याच्या हातात पहिल्यांदा गेली. तिने टाकीतून सुंदरबाईच्याच घागरीने पाणी आणले आणि झुंबरला आंघोळ घातली. कमलबाईच्या मनगटावर अजून माझ्या काठीचा वण होता. सरकारी पाणी वापरले म्हणून ओव्हरसियर रावसाहेबांनी आज तोंडी समज दिली आहे. ते पाणी माझ्या परवानगीने गेले. कमलबाईचा त्यात दोष नाही.

जावई अभिमन रात्री आला. त्याने घागर मागितली आणि घेऊन गेला.

जमादारसाहेबांनी विचारले की ऊन लागून मृत्यू आला असे लिहावे काय आणि कोणावर संशय अथवा तक्रार आहे काय. त्यावर सांगतो की, ऊन होते हे खरे आहे. छगन पाटलांनी सूट दिली होती. ओव्हरसियर रावसाहेबांनी घागरी मागितल्या नव्हत्या. साहेबांना कारंजे नको होते. दुसऱ्या कोणावर माझी तक्रार नाही.

हा जबाब जमादारसाहेबांनी मला सावकाश वाचून ऐकवला. नावे, वेळा, पायऱ्या माझ्या सांगण्याप्रमाणे आहेत. फक्त "त्या वेळी वर पिण्यास पाणी नव्हते" हे वाक्य कानावर आल्यावर मी वाचन थांबवले. ते मीच तसे सांगितले होते. अब्रूसाठी सांगितले. लिहिलेले मधून खोडता येत नाही, खाली लिहितो, असे जमादारसाहेब म्हणाले, म्हणून खाली लिहून घेतले आहे. पाणी होते. टाकी माशाच्या ओठाखाली चार बोटांपर्यंत भरलेली होती आणि त्यात तिच्या आईची घागर ती नुकतीच ओतून उभी होती. तिने घोटभर मागितले. मी म्हणालो, ते सरकारनं पानी शे, त्याले हात लावू नको. तिने लावला नाही. बाकी मजकूर बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सुकदेव वल्द पुना माळी.